लेकीच्या दारातलं मोटारघर

आधी हातातला चहा खाली ठेवा. मधेच ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही. आणि हो, ही गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही. धारला सांगितलीत तरी चालेल म्हणा, तिथे ती माझ्याआधीच पोचली आहे.

लोकांच्या हातून गाढवपणा घडतो. मी तो इंदूरच्या एका गॅरेजमधून मुद्दाम बनवून घेतला!

अहो, मोटारघर! सगळी नोकरी पीथमपूरच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या गाड्या तपासण्यात गेली. रिटायर झाल्यावर म्हटलं, आता आपली एक हवी. छोटी व्हॅन घेतली आणि आत संसार थाटून घेतला. मागच्या बाकाची फळी ओढली की पलंग. पलंग ढकलला की टेबल. टेबल मिटलं की ओटा. म्हणजे एका वेळी एकच करायचं: झोपा, जेवा नाहीतर रांधा. दोन माणसं एकदम उभी राहिली तर एकाला पोट आत ओढून धरावं लागतं. बेसिन देवाच्या ताम्हणाएवढं. संडाससुद्धा आहे, खणासारखा बाहेर ओढायचा. त्याबद्दल चहा पिताना जास्त बोलत नाही.

आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे सुधाला, हे काही पटलं नाही.

"अहो, देवासात आपलं चांगलं घर आहे. ते सोडून या डब्यात कशाला राहायचं?"

"स्वातंत्र्य असतं गं!"

"कुणापासून?"

आता याचं उत्तर बायकोला तोंडावर कसं देणार?

गाडीची हौस फिटेना. मांडूला जायचं म्हणून निघालो, तर नालछ्याला चहासाठी थांबलो तिथे गाडीला फिरता दवाखाना समजून लोक रांग लावून उभे राहिले. म्हणाले, बीपी फुकट बघताय ना? सुधा म्हणाली, चला परत. मांडू राहिलं. म्हणजे गाडी दारात उभी, आणि मी तिच्यात एकदाही झोपलेलो नाही! नवं पातेलं आणावं आणि त्यात साधं दूधही तापवू नये, तसं झालं होतं माझं.

आणि मग आली आमच्या गौरीची लग्नानंतरची पहिली संक्रांत.

गौरी आमची एकुलती एक. मार्गशीर्षात धारला दिली. माणसं फार चांगली. व्याही, म्हणजे नाना, हेडमास्तर होते. विहीणबाई जुन्या वळणाच्या, सणवार, रीतभात सगळं कडक, पण मायाळू. जावई तर इतका अबोल, की घरात आहे की नाही ते कळत नाही. त्यांनी निरोप धाडला, संक्रांतीला या आणि तीन दिवस राहा. रविवारी हळदीकुंकू, सुनेला हलव्याचे दागिने घालायचेत.

मागोमाग गौरीचा फोन. "बाबा, नीट ऐका. सोमवारी मी पीथमपूरला औषधाच्या कारखान्यात जॉइन होतेय. शिफ्टच्या बसनं जायचं. सासूबाई किती मुश्किलीनं तयार झाल्यात, तुम्हाला माहिती नाही. दोन वर्षं नातवंडाचा विषय काढायचा नाही, हेही त्यांनी कबूल केलंय. प्लीज बाबा, तीन दिवस कसलाही उद्योग करू नका."

"मी? मी कसला उद्योग करणार?"

"बाबा!"

"बरं बाई. नाही करत."

खरंच सांगतो, मनापासून म्हटलं होतं. लेकीची नोकरी म्हणजे माझा जीव की प्राण! केमिस्ट्रीत पहिली आलेली पोरगी. पण गाडी मात्र तीच नेली. काळी साडी, तिळाच्या वड्या, तांदूळ, डाळ, गॅसचा छोटा सिलिंडर. डाळ-तांदूळ कशाला, असं सुधानं विचारलं. असू दे म्हटलं, गाडीत शोभतात.

धारला पोचलो, व्याह्यांच्या दारातच गाडी लावली. स्वागत झालं, पाय धुतले. विहीणबाई सुधाला आणि मला थेट माडीवर घेऊन गेल्या. काय खोली होती! नवी चादर, दोन रजया, उशाशी तांब्या-भांडं. "इथेच राहायचं हो. काही संकोच नको."

म्हणजे इथपर्यंत येऊन मी पुन्हा भिंतींच्या घरात झोपायचं? आणि माझी गाडी खाली थंडीत एकटी?

आणि त्या क्षणी, मंडळी, माझ्या तोंडून आमचे सगळे पूर्वज बोलले.

"विहीणबाई, माफ करा. पण आमच्या घराण्यात मुलीच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. तिला मूलबाळ होईपर्यंत. राहणं तर दूरच. म्हणून तर ही गाडी घेतली. आपलं घर, आपलं पाणी, आपलं अन्न."

आता प्रथा खोटी नाही बरं का. मालव्यात कुणालाही विचारा. माझे पणजोबा पाळत असतील. आजोबांनी मात्र आत्याच्या घरी जन्मभर बासुंदी हाणली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सुधानं माझ्याकडे असं बघितलं की बस. पण बोलली नाही. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. तिच्यावरच मी आजवर तरलोय.

मला वाटलं, विहीणबाई म्हणतील, अहो आता कुठे हे जुनं, सोडा. मग थोडी ओढाताण होईल. शेवटी जेवण आत आणि झोपणं गाडीत, अशी तडजोड होईल. हिशोब किती साधा होता!

पण विहीणबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आजकाल कोण पाळतं हो हे! आमचे आबा पाळायचे. माझ्याकडे यायचे तर पाण्याचा तांब्या बरोबर आणायचे. माझ्या वेळी दिवस गेल्याचं कळलं ना, तेव्हा त्यांनी या घरचं पहिलं पाणी घेतलं. ओंजळीनं प्याले हो! तुमच्याकडेही तसंच का? चाहूल लागली की घेतात?"

आता इतक्या भावनेच्या भरात माणूस नाही कसं म्हणणार?

"हो हो. अगदी तसंच!" मी म्हणालो.

गेलो ना खड्ड्यात! स्वतः खणला, स्वतः उतरलो, वर विचारतोय की पाणी लागलं का.

त्या दिवसापासून विहीणबाई माझ्या व्रताच्या राखणदार झाल्या. गौरीनं चहाचा कप पुढे केला की आतून आवाज यायचा, "गौरी! बाबांना विचारू नकोस गं, व्रत मोडेल त्यांचं!" मी हात पुढे केलेला असायचा. तो तसाच डोक्याकडे नेऊन केस नीट करायचे. केस आहेत कुठे, ते सोडा.

गाडीची वायर घरातल्या प्लगला लावायची होती. नाना वायर हातात धरून विचारात पडले. "वीज अन्नात धरायची की पाण्यात?" बराच वेळ चर्चा झाली. शेवटी नानांनीच निकाल दिला, की वीज सरकारची, आमची नव्हे. चालेल. पाणी मात्र गल्लीतल्या नळावरून मला स्वतः भरून आणावं लागलं.

समोरचे चौहानजी ओसरीवर बसून हे सगळं बघत होते. बादली घेऊन चाललो तर म्हणाले, "भिया, समधीजी से कुछ हो गया क्या? अंदर नी बुला रिये?"

"अरे नी भिया, हमारे में बेटी के घर का पानी नी पीते."

"वा! मान गए भिया! ऐसे लोग अब कां बचे!"

संध्याकाळपर्यंत गल्लीत माझी कीर्ती झाली. एक म्हातारबा येऊन पाया पडून गेले. मी आशीर्वादही दिला. पोटात मात्र खिचडी होती. सकाळी खिचडी, संध्याकाळी खिचडी. सुधा ती ताटलीत अशी आपटायची की वेगळं बोलायची गरजच नव्हती. माझ्या बोलण्यापायी तीही उपाशीच की हो!

आणि समोरच्या स्वयंपाकघरातून वास कसले यायचे! संक्रांतीचे दिवस. तीळ भाजताहेत, गूळ किसताहेत, तुपात बेसन परततंय. गुळाच्या पोळ्या तव्यावर पडल्या की माझा जीव तिथे जाऊन उभा राहायचा.

नुसता जीवच का, मीही गेलो! पेपर बघण्याच्या निमित्तानं आत शिरलो, मधे स्वयंपाकघर लागतंच. डब्यातला मूठभर चिवडा खिशात घातला. कुणी बघितलं नाही. मग काय, चटक लागली. दुसऱ्या दिवशी तिळाच्या वड्या, नंतर अर्धी गुळाची पोळी. ती तुपासकट जाकिटाच्या खिशात. रिटायर्ड माणूस, टक्कल पडलेलं, आणि लेकीच्या सासरी चोऱ्या करतोय! पण काय सांगू, चोरीच्या पोळीची चव काही औरच.

विहीणबाई ओरडायच्या, "मेला बोका आज पण शिरला!" त्यांनी डब्यांवर वरवंटा ठेवला. मी तो उचलायचो, घ्यायचं ते घ्यायचो आणि परत जागेवर ठेवायचो. आपल्याला शिस्त आहे.

नाना एकदा विचार करत म्हणाले, "अगं, बोका झाकण उघडेल, मान्य. पण परत वरवंटा कसा ठेवेल?"

"तुम्ही गप्प बसा! धारचे बोके तुम्हाला काय माहीत!"

रविवार उजाडला. दुपारपासून हळदीकुंकवाला बायका येऊ लागल्या. गौरी काळ्या साडीत, हलव्याचा हार, बाजूबंद, काय दिसत होती! डोळे भरून आले माझे. सुधा तिच्याजवळ बसली होती. नाना ओसरीवर. आणि स्वयंपाकघर? मोकळं!

मी मागच्या दारानं शिरलो. अर्धी-मुर्धी नाही, अख्खी पोळी उचलली. वर तुपाचा गोळा. गुंडाळी केली आणि तोंडात कोंबली.

आणि विहीणबाई आत आल्या. मागे चौहानकाकी, आणखी दोघीतिघी.

माझे गाल फुगलेले, हनुवटीवरून तूप ओघळतंय. गुळाची पोळी टाळ्याला अशी चिकटली होती की शब्द फुटेना. एरवी मी शंभर सबबी सांगितल्या असत्या हो, पण तोंड रिकामं हवं ना!

विहीणबाई बघतच राहिल्या. मग त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. हात छातीवर गेला.

"व्याहीबुवा... अन्न घेतलंत? आमच्या घरचं? म्हणजे... चाहूल?"

मला ठसका लागला. मान खालीवर, खालीवर! आता ठसक्यात मान कुठल्या दिशेनं हलवायची हे माणसाच्या हातात असतं का?

"अगं बाई! पाणी! पाणी द्या त्यांना!" म्हणत त्यांनी स्वतः पेला भरून दिला. मी तो घटाघटा प्यालो. पाणीसुद्धा घेतलं! आता आणखी पुरावा काय हवा?

"ले बई! लाड़ी के पाँव भारी!" चौहानकाकींनी बाहेर जाऊन सुनेला दिवस गेल्याची आरोळी ठोकली.

आणि पुढचं मला आवरताच आलं नाही. पोळी गिळून मी "अहो, तसं नाही, ऐका" म्हणेपर्यंत बायकांनी गौरीला गराडा घातला होता. नानांनी पेढे मागवले होते. विहीणबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि सुनेवरून मीठ-मोहऱ्या उतरवायला निघाल्या होत्या.

"कसली बातमी? कुणाची? असं काही नाहीये!" गौरी म्हणत होती.

"शहाणी गं माझी! तिसरा लागेपर्यंत सांगायचं नसतं, बरोबर आहे. आम्ही नाही विचारत."

आता बोला! हो म्हटलं तर हो, आणि नाही म्हटलं तर जास्तच हो! पेढे गल्लीभर वाटले गेले. आणि मग विहीणबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "आता ती उद्याची बस नको हो. ते धक्के, ते औषधांचे वास. नोकरी काय, पुढे बघू."

गौरी उठली. हलव्याचा हार तसाच गळ्यात. सरळ गाडीत येऊन बसली. मी मागोमाग.

"बाबा, काय केलंत हे?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडायला लागली. हलवा टपटप खाली पडत होता. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! या पोरीनं अभ्यासासाठी रात्री जागवल्या, सासू कशीबशी राजी केली, आणि बापानं एका पोळीसाठी सगळ्यावर पाणी ओतलं. माझं पुराण, माझा पलंग, माझी हौस. भुर्दंड मात्र तिला.

"थांब," म्हटलं. "मी सांगतो सगळं खरं."

दिवेलागणीला आत गेलो. विहीणबाई, नाना, चौहान जोडपं, सगळे पेढे खात बसलेले. सुधा कोपऱ्यात कपाळाला हात लावून.

"विहीणबाई, आमच्याकडे तशी काही रीतच नाही. मी खोटं बोललो."

त्या गोड हसल्या. "कळतं हो मला. लेकीला दृष्ट लागू नये म्हणून बोलताय. बापाचं काळीज!"

"अहो, खरंच नाही!"

"बरं बरं, नाही. पेढा घ्या. आता तर चालतो."

म्हणजे आता खरं बोलायचीही सोय उरली नाही! एकच रस्ता राहिला. मी खोल श्वास घेतला.

"तुमचा बोका मी आहे."

चौहानजींचा पेढा वाटेतच थांबला.

"शुक्रवारी चिवडा खाल्ला. शेंगदाणे वेचून. शनिवारी तिळाच्या वड्या, वरच्या थरातल्या नाही, खालच्या, कळू नये म्हणून. मग अर्धी पोळी. वरवंटा मीच उचलला, मीच ठेवला. आल्या दिवसापासून या घरचं खातोय. मग आज खाल्लं त्याचा अर्थ काहीच नाही. फक्त आज सापडलो." आणि जाकिटाचा खिसा उलटा करून दाखवला. तुपाचा हा एवढा डाग, त्याला चिकटलेले तीळ.

"मी म्हटलं नव्हतं?" नाना ताडकन उठले. "बोका वरवंटा ठेवत नाही!"

विहीणबाई हसल्या नाहीत. माझ्या खिशाकडे बघत राहिल्या. "पण व्याहीबुवा, का? आम्ही पाटावर बसवून वाढलं असतं की."

चोरी कबूल करणं सोपं होतं हो. हे उत्तर द्यायला जीभ रेटेना.

"मला... गाडीत झोपायचं होतं."

विहीणबाईंनी गौरीकडे बघितलं. तिचे सुजलेले डोळे, गळ्यातला अर्धा गळालेला हार. "माझंच चुकलं गं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं विषय काढणार नाही म्हटलं होतं, आणि एका पोळीवर विरघळले." आणि लगेच, "उद्या बस कुठे येते? डबा करून देते."

हुश्श! मला वाटलं, संपलं. माझी शोभा झाली, पण लेकीची नोकरी वाचली. काय हवं आणखी?

सोमवारी सकाळी गौरी बसमध्ये बसली. खिडकीतून हात केला, थोडं हसलीसुद्धा. विहीणबाईंनी रात्रीच सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं, की आमच्या सुनेचं काही नाही, गैरसमज झाला. झालं तर मग! मी गाडीची वायर गुंडाळत होतो. सुधा आत ताम्हणाएवढ्या बेसिनमध्ये खिचडीचं पातेलं घासत होती, खिडकी उघडी.

चौहानजी रस्ता ओलांडून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली आणला. पण मालव्यातला माणूस, आवाज खाली आणून किती आणणार!

"भिया, बधाई."

"काय की बधाई?"

"अरे हमसे क्या छुपाना. रात की वो बिल्ले वाली बात तो बहाना थी. पेड़े तो पूरी गली ने खाए. बहू ड्यूटी पे गई, मतलब उसका तो कुछ नी. फिर खुशखबरी किसकी?" आणि त्यांनी हळूच खिडकीकडे, सुधाकडे बघून डोळे मिचकावले. "अब समझ में आया, गाड़ी में काय को रे रिये थे. जवान दामाद के घर में भाभीजी को लाज तो आएगी. शरमाओ मत भिया, भगवान की देन हे. बस, इस उमर में ध्यान रखना!"

आत पातेलं पडल्याचा आवाज आला.

धार ते देवास सुधा एक अक्षर बोलली नाही. मी दोनदा विचारलं, उकडतंय का. जानेवारीत! घर आलं. ती उतरली, पिशवी घेतली, कुलूप उघडलं, आत गेली आणि आतून कडी घातली.

म्हणून तुम्हाला चहा इथे गाडीत दिला हो. बेसिनजवळ जरा सांभाळून बसा, आणि तुमच्यापैकी कुणाचं ती ऐकत असेल, तर जाऊन दारावर एक थाप मारा.